एक ग्रोस इंजिनिअर

साहेब, तुमच्या कचेरीच्या पायऱ्या चढल्यावर डाव्या हाताला एक निळा फलक आहे. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, ‘सर्वांना परवडणारं तांत्रिक शिक्षण’. हा फलक खोटा आहे. तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तुम्ही तो दर वर्षी नव्यानं रंगवून घेता. रंगाऱ्याचं बिल मंजूर करण्याआधी तुम्ही तीन दरपत्रकं मागवता. इंजिनिअरिंगच्या पदवीचं मात्र आजवर एकही मागवलं नाहीत. ते काम शेवटी पंपाच्या कारखान्यातल्या एका खरेदी कारकुनाला करावं लागलं. त्यानं ते कसं केलं हे तुम्ही नीट ऐकून घ्या, कारण सुनावणीच्या दिवशी तुम्ही निम्मा वेळ फोनवर होतात.

या कारकुनाला कारखान्यात सगळे कोटेशनराव म्हणत. पुढे ते नाव बिल्डिंगीतही पोचलं आणि शेवटी बायकोच्या माहेरीही. एकोणतीस वर्षं माणूस एकच काम करत होता. तीन पुरवठादारांकडून दर मागवायचे, मोठ्या कागदावर तक्ता मांडायचा आणि शेवटच्या रकान्यात ‘घरपोच किंमत’ लिहायची. तक्त्याचा सगळा जीव या शेवटच्या रकान्यात. पुरवठादारांची जात एकच. दर कमी दाखवायचा, आणि मग वेष्टन, हमाली, वाहतूक, अमुक आकार, तमुक अधिभार असं करत मागच्या दारानं तुमची कातडी सोलायची. कोटेशनरावांनी या जातीला एकोणतीस वर्षं पाणी पाजलं होतं. त्यांच्या टेबलावरून रबराचा एक वायसरसुद्धा घरपोच किंमत लिहिल्याशिवाय पुढे सरकला नव्हता.

घरीही तोच खाक्या. पंखा, चष्मा, दाढीचा साबण, सगळ्याला तीन दर. बायको एकदा वैतागून म्हणाली होती, “अहो, मला पसंत करताना तरी तीन ठिकाणी चौकशी केली होतीत का?”

“मुदत संपत आली होती,” कोटेशनराव म्हणाले, आणि पुढे आठवडाभर त्यांना चहा स्वतः करून प्यावा लागला.

तर अशा माणसाची मुलगी बारावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली. आणि तिनं जाहीर केलं, की तिला यंत्र अभियांत्रिकी करायचं आहे. त्यात आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. घरातला मिक्सर, इस्त्री आणि शेजाऱ्यांच्या दोन शिलाई मशिनी तिनं खोलून पुन्हा जोडल्या होत्या. पैकी एक मशीन आता उलटी शिवायची, पण चालायची.

मार्कांचा प्रश्न नव्हताच. प्रश्न साडेसहा लाखांचा होता. कोटेशनरावांच्या भविष्यनिर्वाह निधीत साडेसहा लाख होते. वर एक पैसा नाही. कर्ज काढायचं नाही ही त्यांची शपथ, आणि त्या शपथेमागे घरातलंच एक उदाहरण होतं. त्यांचा पुतण्या. हुशार पोरगा. मोठ्या भावानं सगळ्यात कमी फीचं कॉलेज शोधून त्याला घातलं होतं. पहिल्या वर्षी फीशिवाय थोडं जास्त गेलं, दुसऱ्या वर्षी बरंच जास्त गेलं, तिसऱ्या वर्षी वहिनींच्या बांगड्या गेल्या. चौथं वर्ष आलंच नाही. आता तो एका कुरियरच्या दुकानात पाकिटांचं वजन करतो. नातेवाईक त्याला ‘पाऊण इंजिनिअर’ म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्याच्या तोंडाला किडे पडोत.

“काका, मी नापास नव्हतो झालो,” तो एकदा म्हणाला होता. “पैसे नापास झाले.”

मुलीनं ते ऐकलं होतं. म्हणून तिनं बापाला एवढंच सांगितलं, “बाबा, पाऊण करायचं असेल तर मला सुरूच करायचं नाही. चारही वर्षांचा हिशेब आधी लावा. नाही बसला, तर मी बी.एस्सी.ला जाते.”

ती हे हसत म्हणाली. कोटेशनराव वही शोधायला उठले.

आता शेजारी. खालच्या मजल्यावर एक विमा एजंट राहायचे. तेच बिल्डिंगीचे सेक्रेटरीही होते, म्हणजे सल्ला देण्याचे त्यांना दुहेरी अधिकार होते. ते बनियनवर वर आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, “कोटेशनराव, शिक्षणात भाव करू नये. भाव करणारा बाप मुलांच्या मनातून उतरतो.”

“तुमचा मुलगा कुठं घातलात?”

“तो परदेशी आहे.”

“काय करतो?”

“अजून ठरायचंय त्याचं.” मग विषय बदलून त्यांनी मुलीच्या शिक्षणाची एक विमा योजना सांगितली. तिचे पैसे ती पस्तीस वर्षांची झाल्यावर मिळणार होते.

टेबलावर पाच कॉलेजांची माहितीपत्रकं आली. गुळगुळीत कागद, आरशासारखी इमारत, हिरवळीवर बसून आकाशाकडे बघत हसणारी मुलं. इंजिनिअरिंग शिकताना आकाशाकडे बघून हसायची वेळ कधी येते हे कुणी लिहिलं नव्हतं. आणि जिथं फी असायला हवी, तिथं ‘शुल्काच्या तपशिलासाठी कार्यालयाशी संपर्क साधावा’. फक्त काचेच्या इमारतीच्या कॉलेजानं पहिल्याच पानावर छापलं होतं, ‘वार्षिक शुल्क फक्त एक लाख दहा हजार’. हेच ते पुतण्याचं कॉलेज. कोटेशनरावांनी ‘फक्त’ या शब्दाखाली लाल रेघ मारली.

आधी ते सरळमार्गानं गेले, हे साहेब, तुम्ही लक्षात घ्या. ते तुमच्याच कचेरीत आले. मान्यताप्राप्त शुल्काची यादी मागितली. खिडकी क्रमांक चारवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “यादी संकेतस्थळावर आहे.”

कोटेशनराव घरी गेले, मुलीनं संकेतस्थळ उघडलं. तिथं लिहिलं होतं, ‘यादीसाठी खिडकी क्रमांक चारशी संपर्क साधावा’. त्यांनी त्याची छापील प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती खिडकीतून आत सरकवली. बाईंनी वाचली.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हे मीच टाईप केलंय.”

“मग यादी?”

“वरून आली की देईन ना. पाच वर्षं झाली, मीही वाटच बघतेय.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझा मुलगा पुढच्या वर्षी बारावीला आहे.”

तिथून कोटेशनराव थेट काचेच्या कॉलेजात गेले. गार हवेच्या दालनात टाय लावलेला एक प्रवेश अधिकारी बसला होता. कोटेशनरावांनी वही उघडून विचारलं, “एक लाख दहा हजारांच्या वर चार वर्षांत अजून काय काय लागेल, तेवढं लिहून द्याल का?”

टायवाला हसला. त्यानं कोटेशनरावांच्या चपला पाहिल्या, वही पाहिली, वहीला बांधलेलं पेन पाहिलं. “काका, तुम्ही असं करा, बसत नसेल तर मुलीला एखादा छोटा कोर्स करू द्या. मुलींना काय, नंतर लग्नच...”

एकोणतीस वर्षांत कोटेशनरावांना असं कुणी बोललं नव्हतं. लोखंडाचे मोठमोठे व्यापारी त्यांच्या टेबलासमोर उभे राहून बोलायचे, त्यांनी ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. आणि हा कालचा टाय! ते वही मिटून उठले. रस्त्याला लागल्यावर त्यांना एकदम उमगलं, की चूक आपलीच आहे. आपण बाप म्हणून गेलो. बापाला कुणी दर देत नाही, बापाला फक्त बिल देतात. दर मिळतो तो खरेदीदाराला.

घरी स्वयंपाकघराच्या फळीवर कारखान्यातल्या जुन्या, रद्द झालेल्या दर-मागणी फॉर्मांचा गठ्ठा होता. बायको त्यांच्या पाठीवर किराण्याची यादी लिहायची. कोटेशनरावांनी पाच कोरे फॉर्म घेतले. माणूस अतिप्रामाणिक. कात्रीनं कारखान्याचं नाव कापून टाकलं, तिथं स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता लिहिला. मग सवयीच्या हातानं रकाने भरले. ‘मालाचे वर्णन: अभियांत्रिकी पदवी, यंत्र शाखा, चार वर्षांची, संपूर्ण. संख्या: एक. दर सर्व आकारांसह, बाब फोडून द्यावा. वेष्टन व हाताळणी वेगळी दाखवावी. सुटे भाग असल्यास यादी जोडावी. हमीचा कालावधी लिहावा. दर नव्वद दिवस बंधनकारक राहील. मोहोरबंद पाकिटात सात दिवसांत पाठवावे.’ खाली सही, आणि सहीखाली, हात थांबलाच नाही, ‘वरिष्ठ कारकून, खरेदी’.

एकाच रकान्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तो छापीलच होता, त्यात कधी काही भरावं लागत नसे. हे फॉर्म नट-बोल्टांचे होते. ‘संख्या’च्या पुढे ‘एकक’ या रकान्यात आधीच छापलेलं होतं, ‘ग्रोस’. ग्रोस म्हणजे बारा डझन. एकशे चव्वेचाळीस. कारखान्यात बोल्ट असेच घेतात.

पाचही पाकिटं पोस्टात पडली.

तिसऱ्या दिवशी गल्लीत काळी लांबलचक गाडी शिरली आणि दोन्ही बाजूंना अडकली. तिच्यातून फळांची टोपली, फुलांचा गुच्छ आणि त्यांच्यामागून तोच टायवाला उतरला. बिल्डिंगीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. विमा एजंट दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून जिन्यात आले.

“साहेब!” टायवाला दारातच म्हणाला. चपलांकडे पाहून ‘काका’ म्हटलेला माणूस आता अनवाणी कोटेशनरावांना साहेब म्हणत होता. त्यानं ओळखलंच नव्हतं त्यांना. “आपली मागणी आली आणि आमचे संचालक खुर्चीतून उठलेच. म्हणाले, आधी जा. दुसऱ्या कुणाशी बोलू नका. आम्ही सर्व शुल्कांसह, बाब फोडून, मोहोरबंद दर आणलाय.”

कोटेशनरावांना धन्य वाटलं. पद्धतीत केवढी ताकद असते! त्यांनी पाकीट घेतलं, कात्रीनं कापलं, चष्मा लावला. चार वर्षांचे, सर्व आकारांसह, पाच लाख नव्वद हजार. साडेसहा लाखांत बसत होतं. दारामागे उभ्या असलेल्या मुलीनं त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखलं आणि आईचा हात धरला.

“एवढ्या मोठ्या ऑर्डरला आम्ही अजूनही काही करू शकू,” टायवाला म्हणाला. “एकशे चव्वेचाळीस जागा म्हणजे अख्ख्या दोन वर्गांहून जास्त की! कोणत्या उद्योगसमूहासाठी हे विचारू का?”

कोटेशनरावांनी फॉर्मची प्रत हातात घेतली. ‘ग्रोस’वर नजर पडली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकोणतीस वर्षांत पहिली चूक, आणि तीही घरच्या कामात. दुसऱ्या कुणी घसा खाकरून वेळ काढला असता. हा माणूस ताठ उभा राहिला.

“चूक झालीय,” ते म्हणाले. “मला एकच हवीय. माझ्या मुलीसाठी.”

टायवाल्यानं आता प्रथमच चपलांच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला ओळख पटली. “तुम्ही ते वहीवाले!” त्यानं पाकीट धरलं आणि ओढलं. कोटेशनरावांनी सोडलं नाही.

“द्या इकडे!”

“उघडलेलं दरपत्रक परत जात नाही.”

“हा दर घाऊक होता!”

“मग किरकोळ लिहून द्या. तेही ठेवतो.”

“तुम्हाला किरकोळ दर परवडणार नाही, काका!” टायवाला ओरडला. तो जिन्यातून उतरताना माहितीपत्रकावर कारंजं छापणाऱ्या दुसऱ्या कॉलेजचा माणूस तसंच पाकीट आणि तशीच फळांची टोपली घेऊन वर येत होता. दोघं मधल्या वळणावर समोरासमोर आले. टोपल्या अडकल्या. संत्री तळमजल्यापर्यंत गेली.

विमा एजंट फेसासकट आत डोकावले. “कोटेशनराव, खरं सांगा. कुणाचं काय दाबून ठेवलंय तुम्ही?”

बायकोनं दार लावलं आणि कमरेवर हात ठेवले. “अहो, एक मुलगी आहे आपल्याला. एकशे चव्वेचाळीस कुठून आणणार होतात?” आणि मग तिला जे हसू फुटलं, ते मुलीला लागलं, आणि शेवटी कोटेशनरावांनाही. पण मुलगीच आधी थांबली.

“बाबा, थांबा. पाच लाख नव्वद हजारांत ते द्यायला तयार होते. म्हणजे तोट्यात नक्कीच नाही. मग दादाकडून किती घेतले?”

पुतण्याला बोलावलं. तो बुटांच्या खोक्यात तीन वर्षांच्या पावत्या घेऊन आला. एकही टाकली नव्हती पोरानं. जेवणाचं टेबल मोकळं केलं, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवून चार हात लांब कागद केला, आणि चौघं बसले. बायको वाचायची, मुलगी बेरीज करायची, पुतण्या समजावून सांगायचा, कोटेशनराव लिहायचे.

“विकास शुल्क.”

“कुणाचा विकास?”

“ते विचारायचं नसतं काका. पुढे. ओळखपत्र शुल्क. ओळखपत्राच्या दोरीचं शुल्क. वसतिगृह देखभाल.”

“तू तर घरून जायचास!”

“हो. ते वसतिगृहात न राहणाऱ्यांसाठी वेगळं होतं. परीक्षा शुल्क. परीक्षेचा अर्ज वेळेत भरल्याचं शुल्क. हे औद्योगिक सहलीचं.”

“कुठं नेलं होतं?”

“नेलं नाही. शुल्क होतं फक्त.”

बायकोनं एक पावती उजेडात धरली. “आणि हे ‘किरकोळ’ म्हणून बावीस हजार? बावीस हजार किरकोळ?”

एकेचाळीस बाबी निघाल्या. चौथ्या वर्षाचा आकडा तीन वर्षांच्या सरासरीनं धरला. पहिल्या पानावरच्या ‘फक्त एक लाख दहा हजारां’ची चार वर्षांची घरपोच किंमत झाली नऊ लाख शहाऐंशी हजार. एकच पदवी, एकच इमारत, तेच मास्तर. बापाला नऊ लाख शहाऐंशी, घाऊक गिऱ्हाइकाला पाच लाख नव्वद. पुतण्या त्या आकड्याकडे बघत राहिला. “म्हणजे मी कमी पडलो नव्हतो,” तो म्हणाला. काकूनं त्याच्या पुढ्यात चहा ठेवला.

कारंजेवाल्याचं पाकीट संत्र्यांतून हाती आलं होतं, एव्हाना आणखी दोन आली होती. सगळ्यांचा घाऊक दर गोड होता आणि सगळ्यांनी बाबी फोडून दिल्या होत्या. हमीच्या रकान्यात एकानं ‘चार वर्षे’ लिहिलं होतं, दुसऱ्यानं ‘नादुरुस्त माल परत घेतला जाणार नाही’. पाचवं पाकीट सगळ्यात शेवटी आलं. साधं, खाकी, हातानं पत्ता लिहिलेलं. शहराच्या टोकाला, गंजक्या फाटकाचं जुनं कॉलेज. आत तिथल्या हिशेबनिसाचं पत्र होतं.

‘महोदय, आमच्याकडे एका वर्गात साठ जागा आहेत, एक ग्रोस नाहीत. असत्या तरी एकाच गिऱ्हाइकाला दिल्या नसत्या. एक नग हवा असल्यास दर खालीलप्रमाणे. चार वर्षांचे शुल्क पाच लाख ऐंशी हजार. परीक्षा, पुस्तके, बस आमच्या हातात नाहीत, पण मुलांना विचारून काढले तर अडतीस हजार होतात. सुटे भाग नाहीत. हमी देता येत नाही, मुलांनी अभ्यास करावा लागतो. भिंतींना रंग नाही. कार्यशाळेतील यंत्रे चालतात.’

सहा लाख अठरा हजार. घरपोच. मागितल्याशिवाय घरपोच किंमत देणारा पुरवठादार कोटेशनरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला. मुलीनं पत्रातली शेवटची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, “हेच.”

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तक्ता पूर्ण झाला की तो सूचना फलकावर लावायचा, हा खरेदी विभागाचा नियम. कोटेशनरावांनी तो बिल्डिंगीच्या दारात लावला. सेक्रेटरी धावत आले. “इथं फक्त पाण्याच्या वेळा लावायची परवानगी आहे!” आणि तिथंच उभं राहून त्यांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या बिल्डिंगींमधले लोक आले. तिसऱ्या दिवशी रांग गल्लीच्या बाहेर गेली. लोक वही घेऊन येत, पेन वहीला बांधून आणत. सेक्रेटरीच काठी घेऊन तक्त्याजवळ उभे राहून समजावून सांगू लागले. “हा रकाना बघा. घरपोच किंमत. माझी कल्पना नाही, पण जागा मी दिली.”

चौथ्या दिवशी तुमची नोटीस आली, साहेब. काचेचं, कारंजेवालं आणि बाकीची दोन, अशा चार कॉलेजांची तक्रार. फसवून दर काढले, बेकायदा प्रसिद्ध केले. तक्ता काढावा. आणि निकाल लागेपर्यंत या इसमाच्या मुलीचा कुठेही प्रवेश होऊ देऊ नये. सुनावणी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोनला. प्रवेश संध्याकाळी पाचला बंद.

त्या दिवशी कोटेशनरावांच्या घरी कुणी जेवलं नाही. बायकोनं एवढंच विचारलं, “तक्ता काढून टाकला तर तिला सोडतील का हो?” कोटेशनराव म्हणाले, “सोडतील.” मुलगी म्हणाली, “मग काढू नका.”

सुनावणीला जाण्याआधी ते खिडकी क्रमांक चारवर थांबले. तक्त्याची प्रत दाखल करायची होती. बाईंनी चार हात लांब कागद उलगडला, शेवटपर्यंत वाचला, आणि मग दर कागदावर, दर जोडावर, प्रत्येक पावतीच्या प्रतीवर ‘प्राप्त’चा शिक्का असा हाणला की टेबल हललं. “आता हे कचेरीचं दप्तर झालं,” त्या म्हणाल्या. “दप्तरातला कागद कुणी काढायला सांगू शकत नाही. साहेबसुद्धा.” आणि मुलीकडे वाकून त्या हळूच म्हणाल्या, “साहेबांच्या पाठीमागे कॅलेंडर आहे. वेळ आली की तारीख बघ.”

तुमच्या दालनात चार कॉलेजांचे चार वकील होते. कोटेशनराव, मुलगी आणि खोकं घेतलेला पुतण्या एका बाकावर. तुम्ही फोन ठेवून विचारलंत, “तुम्ही एकशे चव्वेचाळीस पदव्या मागितल्या?”

“चुकून.”

“चूक मान्य?”

“मान्य. साहेब, चूक माझी, दर त्यांचे.”

वकील उठला. घाऊक दर वेगळा असतो, तो किरकोळ ग्राहकाला लागू नाही, हा व्यवहाराचा साधा संकेत आहे, वगैरे वगैरे. तुम्ही मान डोलावत होतात. तेवढ्यात मुलगी उठली.

“साहेब, आज तारीख काय?” असं म्हणत ती सरळ तुमच्या खुर्चीमागे गेली आणि तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. खाली काचेच्या चौकटीत तुमच्याच खात्याचे नियम होते, धुळीनं पिवळे पडलेले. तिनं अकरावा नियम मोठ्यानं वाचला. “‘कोणतीही संस्था एकाच अभ्यासक्रमासाठी दोन विद्यार्थ्यांकडून वेगवेगळे शुल्क मागणार नाही. मागितल्यास सर्वांना कमीत कमी शुल्क लागू होईल.’”

वकील बसला. टायवाल्यानं टाय सैल केला. तुम्ही खुर्ची वळवून तो नियम असा वाचलात, जणू कुणी तो आत्ताच येऊन लिहिला.

“इथं सही कुणाची आहे?” मुलीनं विचारलं.

“माझी,” तुम्ही म्हणालात. हळू आवाजात, पण म्हणालात.

मग पुतण्या उठला आणि त्यानं खोकं तुमच्या टेबलावर ठेवलं. “तीन वर्षांच्या आहेत,” तो म्हणाला. “नंबरवार लावल्यात.”

साडेतीनला निकाल झाला. तक्रार फेटाळली. चारही कॉलेजांनी आपापला मोहोरबंद दर सर्व विद्यार्थ्यांना लावावा. पुतण्याकडून तीन वर्षांत जास्त घेतलेले जवळजवळ तीन लाख परत करावे, मात्र रोख नाही, चौथ्या वर्षाच्या शुल्कात वळते करून. म्हणजे पुतण्याचं चौथं वर्ष फुकट, आणि वरचे दीड लाख ‘पुढील कार्यवाहीसाठी प्रलंबित’. रोख नाही, हे तुमचं शेपूट तुम्ही तिथंही जोडलंतच. पण काचेच्या दालनात दुसऱ्या दिवशी टायवाल्यानं उभं राहून पुतण्याचं ओळखपत्र केलं, आणि दोरीसुद्धा स्वतः अडकवली. फुकट.

पण आधी पाच वाजायचे होते. तिघं रिक्षानं निघाले, अर्ध्या वाटेत रिक्षा बंद पडली. मुलगी खाली उतरली, इंजिनाचं झाकण उघडलं, केसातला आकडा काढून कुठं तरी अडकवला, आणि रिक्षा सुरू झाली. रिक्षावाला म्हणाला, “बाई, इंजिनिअर आहात का?” ती म्हणाली, “पाचच्या आत पोचवलंत तर होईन.”

पावणेपाचला गंजकं फाटक करकरलं. आत एका लाकडी टेबलामागे पांढऱ्या भुवयांचे हिशेबनीस वही उघडून बसले होते. टेबलावर कात्रीनं वरची कड कापलेला फॉर्म होता. त्यांनी कोटेशनरावांकडे पाहिलं, मग मुलीकडे.

“एक नगच ना?”

“एक नग,” कोटेशनराव म्हणाले, आणि एकोणतीस वर्षांत प्रथमच त्यांनी एका पुरवठादाराला हात जोडले.

कार्यशाळेतून यंत्राचा आवाज येत होता. भिंतींना खरंच रंग नव्हता. मुलगी पावती घेण्याआधीच तिकडे निघून गेली होती.

साहेब, हे झालं. बिल्डिंगीतले तीन बाप, खिडकी क्रमांक चारवरच्या बाई आणि सेक्रेटरी, सगळे पुढच्या वर्षाचा तक्ता आत्तापासून मांडायला लागलेत. तुमच्या कचेरीचा नवा छापील नमुनाही आला. त्यात कॉलेजाचं नाव, शाखा, शुल्क, सगळं आहे. शेवटचा रकाना मात्र कोरा आहे. त्यावर शीर्षकसुद्धा नाही. कोटेशनरावांनी तो तुमच्याकडे परत पाठवलाय, वर लाल शाईनं ‘घरपोच किंमत’ असं लिहून. आता तो रकाना कोण भरणार, कधी भरणार, आणि पुतण्याचे ते दीड लाख कोणत्या तारखेला परत येणार, हे लिहून द्या. बाब फोडून द्या. मोहोरबंद पाकिटात, सात दिवसांत. आणि तोवर तो निळा फलक कशाच्या आधारावर तिथं लटकतोय, साहेब, त्याचंही उत्तर त्याच पाकिटात घाला.